जावकाचं मशीन

पेढा तोंडात गेला तेव्हा जिकराला ठाऊक नव्हतं की तो तिच्याच नोकरीचा आहे. करण बॉक्स घेऊन टेबलाटेबलावर हिंडत होता, आणि सकाळी अकराच्या सुमाराला कोणी पेढा पुढे केला तर माणूस आधी खातो, मग विचारतो. तिनंही तेच केलं. "कायचा रे?" असं तिनं विचारलं तेव्हा अर्धा पेढा घशाखाली उतरला होता.

"पुण्यावरून मेल आला, ताई. मले कायम करून राह्यले. चार वाजता मीटिंगमध्ये लेटर देतेत."

"कायम? कोनत्या कामावर?"

"टोकनच्या," करण म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे सरकला. सरकण्याची घाई मात्र तिच्या नजरेतून सुटली नाही.

टोकनचं काम म्हणजे असं. रिसोडच्या यार्डात सोयाबीन यायला लागली की ट्रॅक्टरांच्या रांगा पार रस्त्यापर्यंत यायच्या, माणसं दोन-दोन दिवस ट्रॉलीखाली झोपायची. पुण्याच्या एका कंपनीनं ठेका घेतला की शेतकऱ्याला मोबाइलवर नंबर पाठवू, नंबर लागला की त्यानं माल घेऊन यावं. तो नंबर काढणारा प्रोग्राम कंपनीच्या वाशीमच्या ऑफिसात लिहिला जायचा, आणि गेले आठ महिने तो जिकरा लिहीत होती. एकटी. करणनं त्यात एक ओळ लिहिली नव्हती. त्याला लिहिता येतच नव्हतं, आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नव्हती, कारण त्याचं काम वेगळं होतं. तो जावक सांभाळायचा.

हे जावक प्रकरण आधी सांगायला हवं, नाहीतर जिकराच्या तळपायाची आग मस्तकात का गेली ते कळायचं नाही. शेतकऱ्यांचे आधार नंबर, बँकेचे नंबर सगळे तिथं, म्हणून ऑफिसचं नेटवर्क चहूकडून बंद. कॉम्प्युटरांची पेन ड्राइव्हची भोकं डिंक घालून बुजवलेली. मोबाइल दाराशी रॅकमध्ये ठेवून आत यायचं. बाहेर जायला एकच वाट, ती म्हणजे प्रॉक्सी नावाचा सर्व्हर. तो नाक्यावरच्या शिपायासारखा. यादीत असलेल्यालाच बाहेर सोडणार. आणि बाहेर जाणारं एकच मशीन सगळ्यांना माहीत होतं, ते कोपऱ्यातलं. पूर्वी तिथं जावक-बारनिशीचं टेबल होतं, म्हणून ते जावकाचं मशीन. ज्यानं जे काही केलं ते संध्याकाळी 'जावक' नावाच्या फोल्डरात टाकायचं, करण ते उचलून पुण्याला पाठवणार. पत्र असो, तक्ता असो की प्रोग्राम, ऑफिसला सगळं सारखंच.

पण प्रोग्राम म्हणजे पत्र नव्हे. पुण्याकडे गिट नावाचं एक रजिस्टर होतं. कोणी, कोणत्या दिवशी, कोणती ओळ लिहिली किंवा खोडली, ते त्यात आपोआप नोंदलं जायचं. आणि नाव कोणाचं पडायचं? ज्या मशीनवरून गेलं त्या मशीनवर जे नाव घातलंय त्याचं. जावकाच्या मशीनवर नाव होतं करणचं. पुण्यानं कायम करायचा एक माणूस निवडायला रजिस्टर उघडलं. करणच्या नोंदी दोनशे चाळीस. जिकराच्या नोंदी शून्य.

ती उठली आणि कोपऱ्यात जाऊन करणच्या खुर्चीमागं उभी राहिली.

"करण, त्या प्रोग्राममधली एक तरी ओळ तू लिहिली काय?"

"मी पाठवलं ना, ताई."

"पोस्टमननं पत्र आनून देल्लं म्हनून ते पत्र त्यानं लिहिलं होते काय?"

"आता मशीनच माया नावाचं हाय, त्याले मी काय करू? पुण्यावाल्यायनं मोजलं. मी थोडीच सांगतलं का मी लिहिलं म्हनून."

"नाही लिहिलं म्हनून तरी सांगतलं काय?"

करणनं पेढ्याच्या बॉक्सचं झाकण लावलं, परत काढलं. "मले बी घर हाय, ताई," तो खाली बघत म्हणाला. घर तिलाही होतं. तिचे अब्बा, जमशेदभाई, पत्र्याच्या धान्यकोठ्या करायचे. कोठी पुरी झाली की झाकणावर खिळ्यानं ठोकून ठोकून आपलं नाव उमटवायचे, मगच ती दुकानाबाहेर मांडायचे. कोठी गळली तर माणूस त्याच नावानं शिव्या देत यायचा, आणि अब्बा त्याची कोठी निमूट दुरुस्त करून द्यायचे. जिकराला हे लहानपणी हसू येण्यासारखं वाटायचं. आज त्यातलं एक अक्षरसुद्धा हसण्यासारखं वाटेना.

तिथून ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये. साहेब म्हणजे ऑफिसचे मॅनेजर. स्वभावानं वाईट नाहीत, पण कोणतीही गोष्ट आपल्या टेबलावर पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकू द्यायची नाही हा त्यांचा बाणा.

"जिकरा मॅडम, आपन सगळे एक टीम आहोत," ते म्हणाले. "नाव कोनाचं का असेना, काम झालं ना?"

"नावानं काही फरक पडत नाही तं मंग माह्यं लावा, सर."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तुमी आधी सांगाले पाह्यजे होतं."

"तीन अर्ज देल्ले मी. आठ महिन्यात तीन. माया मशीनले पुण्याशी जोडा म्हनून."

"ते अर्ज प्रॉक्सीसाठी होते, मॅडम. नावासाठी नव्हते."

हे ऐकून जिकराला वाटलं की टेबलावरचा पेपरवेट उचलावा. उचलला नाही. साहेबांनाही बहुधा ते जाणवलं, कारण ते जरा मऊ झाले. "हे पाहा, चार वाजता पुण्याच्या मॅडम स्क्रीनवर येतीन. काही पुरावा असन तं तवा दाखवा. पन त्यायच्या सिस्टिमवर दिसाले पाह्यजे. कागद घेऊन रडत बसाल तं त्या पाह्यत नाहीत, मी सांगून ठेवतो."

रडत बसाल. तिच्या डोळ्यांत टिपूसही नव्हतं. माणसाला राग आला की साहेब त्याला रडणं म्हणतात आणि मोकळे होतात.

पुरावा होता. जावकात काम टाकायच्या आधी ती आपल्या मशीनवरसुद्धा गिट चालवायची. कोणी सांगितलं नव्हतं; अमरावतीला शिकताना लागलेली सवय. घरी जाण्याआधी दिवसभराचं काम नोंदवायचं, दोन ओळींत काय केलं ते लिहायचं, अगदी चुकलं असेल तर तेही. आठ महिन्यांच्या सहाशे अकरा नोंदी तिच्या नावानं, तारीखवार, त्या मशीनमध्ये बंद होत्या. त्या चारच्या आत पुण्याला पोचल्या तर नोकरी तिची, नाहीतर करणची. मधे फक्त तो प्रॉक्सी होता. आणि प्रॉक्सी होता विनोदभाऊंच्या हातात.

विनोदभाऊ नेटवर्क सांभाळायचे. पंधरा वर्षांची नोकरी, एकही डाग नाही, कारण आदेशाशिवाय त्यांनी आजवर एक तारसुद्धा हलवली नव्हती.

"तुमचे अर्ज हायेत ना," त्यांनी कपाटातून फाइल काढून दाखवली. तिन्ही अर्ज एकाखाली एक, व्यवस्थित टाचलेले, प्रत्येकावर आवकचा शिक्का. "मी एकही गहाळ केला नाही."

"गहाळ नाही केला, पन त्याचं केलं काय?"

"सादर केला."

"कोनाले?"

"साहेबाले. साहेबानं लिहिलं, नियमानुसार कार्यवाही करावी. नियम काय हाय? प्रॉक्सी फक्त कायम मानसाले. तुमी कंत्राटी."

"करन बी कंत्राटीच हाय."

"त्याले थोडीच देल्ला. जावकाच्या मशीनले देल्ला. तो त्याच्यावर बसते."

जिकरानं दोन्ही हात त्यांच्या टेबलावर टेकले. "म्हनजे कायम व्हाले पुण्याले काम दिसाले पाह्यजे. काम दिसाले प्रॉक्सी पाह्यजे. आन् प्रॉक्सीसाठी कायम असाले पाह्यजे. भाऊ, तुमी हे आयकून राह्यले ना? तुमाले हे बरोबर वाटते?"

"बरोबर-चूक पाह्यनारा मी कोन? लेखी आना, दोन मिनटात करतो," विनोदभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही की उतरला नाही. भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. या शांत माणसापुढं जिकराचा पारा नुसताच चढत गेला आणि टेकायला कुठं जागा सापडेना. घड्याळात एक वाजला होता.

दाराशी येऊन तिनं रॅकमधला फोन घेतला आणि जिन्यात जाऊन रत्नमालाताईला लावला. रत्नमाला खिल्लारे तिच्या आधी याच खुर्चीवर होती. कंत्राट संपलं, पुन्हा दिलं नाही, म्हणून आता मालेगावला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवायची. जिकरा कामावर लागली तेव्हा सुरुवातीच्या आठवड्यात तिनं रत्नमालाला फोन करकरून भंडावलं होतं, आणि तिनं कधी कंटाळा केला नव्हता. या ऑफिसशी कसं झगडायचं हे सांगू शकेल असं दुसरं माणूस जिकराला आठवलंच नाही.

"माह्यं आठ महिन्याचं काम खाल्लं त्यानं, ताई," ती म्हणाली आणि सगळं भडाभडा सांगत सुटली. पेढा, दोनशे चाळीस, शून्य, साहेब, शिक्क्यांची फाइल. "दुसऱ्याचं लिहिलेलं आपल्या नावावर ठेवाले मानसाले लाज कशी वाटत नाही? मी असती तं मले घास गेला नसता."

पलीकडे प्रिंटरचा आवाज चालू होता. रत्नमाला मधे एकदाही बोलली नाही. जिकरा थांबली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुया टेबलावरचं मशीन तेच हाय ना जुनं? काया रंगाचं, डाव्या बाजूनं खरचटेल?"

"तेच."

"मंग त्याले प्रॉक्सी हाय."

जिकरा जिन्याच्या पायरीवर बसली.

"यादी मानसायची नसते, मशीनच्या नंबरायची असते," रत्नमाला म्हणाली. "मी चार महिने भांडली होती त्याच्यासाठी. पुण्याले पत्रं लिहिली. आखरीत लेखी आदेश आला, विनोदभाऊनं त्या मशीनचा नंबर यादीत टाकला. मी डोयानं पाह्यलं. त्याच आठवड्यात माह्यं कंत्राट संपलं. आता विनोदभाऊ आदेशाशिवाय टाकत नाही, तसेच आदेशाशिवाय काढत बी नाहीत. नंबर तिथंच असन."

"आठ महिन्यापासून?"

"आठ महिन्यापासून. फक्त तुया गिटले प्रॉक्सीचा पत्ता सांगाचा राह्यला. पत्ता जावकाच्या मशीनमागं भिंतीवर चिकटवेल हाय, विनोदभाऊच्या अक्षरात. आन् आयक, नेहमीच्या दरवाज्यानं जाऊ नको, तो बंदच हाय. वेबसाइट उघडते त्या वाटेनं जा. जाईन."

जिकरानं आभार मानले की नाही हे तिला नंतर आठवेना. ती धावत वर गेली. आठ महिने दार उघडं होतं. आठ महिने ती बंद समजून त्या दारापुढं अर्ज घेऊन उभी होती, आणि ज्यानं ते दार उघडलं होतं तोच माणूस तिचे अर्ज शिक्के मारून टाचत होता. सकाळचा राग परवडला, असा हा राग होता.

करणच्या डोक्यावरून वाकून तिनं भिंतीवरचा कागद वाचला.

"काय पाह्यता, ताई?"

"पत्ता," ती म्हणाली, आणि तळहातावर पेनानं आकडे लिहून घेतले.

आपल्या मशीनवर येऊन तिनं गिटला प्रॉक्सीचा पत्ता दिला. एका ओळीचं काम. त्या एका ओळीसाठी तीन अर्ज, तीन शिक्के आणि एक नोकरी. पुण्यानं रुजू होतानाच एक खातं काढून दिलं होतं, आजवर कधी उघडायची वेळ आली नव्हती. त्याचा पासवर्ड नेमणूकपत्रावर होता, तोही घातला. मग पाठवायचा हुकूम दिला. कर्सर लुकलुकत राहिला. मिनिट, दोन मिनिटं. वेळ संपली, जोडता आलं नाही, असा निरोप आला. तिनं पुन्हा तेच केलं, पुन्हा तोच निरोप. तिनं मनातल्या मनात विनोदभाऊंपासून पुण्यापर्यंत सगळ्यांच्या नावानं बोटं मोडली, आणि मग तिच्या ध्यानात आलं की रागाच्या भरात ती नेहमीच्याच दरवाज्यावर धडका मारत होती. रत्नमालानं सांगितलं ते अर्धंच ऐकलं होतं. तिनं रजिस्टरचा पत्ता बदलून वेबसाइटच्या वाटेचा केला आणि पुन्हा हुकूम दिला.

या वेळी काही अडलं नाही. आकडे पळायला लागले. शंभर, दोनशे, चारशे. सहाशे अकरा. झालं म्हणून पडद्यावर ओळ उमटली तेव्हा अडीच वाजून गेले होते.

पाचच मिनिटांत विनोदभाऊ आले. त्यांना एवढ्या वेगानं चालताना ऑफिसात कोणी पाहिलं नव्हतं. "तुमच्या मशीनवरून बाहेर काय गेलं? कोनाच्या परवानगीनं?"

"तुमच्याच. यादी उघडून पाहा. नंबर हाय."

"असूच शकत नाही."

"पाहून या, भाऊ."

ते गेले आणि परत आले ते हळूहळू. हातात त्या जुन्या आदेशाची प्रत होती, खाली त्यांचीच सही आणि तारीख. ते तिच्या टेबलापाशी नुसते उभे राहिले. जिकराला वाटलं होतं की हा क्षण आला की आपण चांगलं फैलावर घेऊ. पण तो माणूस ती सही पुन्हा पुन्हा वाचत होता, जणू ती कोणी दुसऱ्यानंच केली असावी.

"नियमानुसारच हाय," शेवटी ते म्हणाले आणि निघून गेले.

चार वाजता साहेबांच्या केबिनमध्ये भिंतीवरच्या पडद्यावर पुण्याच्या मॅडम आल्या. साहेब, करण, जिकरा तिघंही समोर बसले. करणचा शर्ट इस्त्रीचा होता. लेटर मिळायचं म्हणून तो सकाळीच तयारीनं आला असणार. मॅडम इकडचं तिकडचं काही बोलल्या नाहीत.

"जिकरा, तुमच्या नोंदी दुपारी इथं आल्या. मी वाचत बसले होते. 'पोहरादेवीची यात्रा, मानोऱ्याकडचे ट्रॅक्टर तीन दिवस पुढे ढकलले.' 'एकाच माणसाला दोन टोकन जात होती, माझीच चूक, दुरुस्त केली.' रोजच्या रोज आहे हे. करण, तुमच्या नोंदींवर फक्त 'पाठवले' असं लिहिलंय. प्रत्येक नोंदीवर."

करणनं मान खाली घातली. साहेब पडद्याकडे पाहत होते, जणू हे ऑफिस दुसऱ्या कोणाचं आहे.

"सकाळपासून मी हेच सांगून राह्यली, मॅडम," जिकरा म्हणाली. दिवसभर छातीत कोंडलेलं सगळं एकदम वर आलं. "पह्यल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत हे काम माह्यं हाय. या पोरानं फक्त बटन दाबलं. दुसऱ्याच्या जिवावर पेढे वाटले यानं, आन् हे सगळे खात बसले. मी बी खाल्ला."

"पहिल्या ओळीपासून?" मॅडमनी विचारलं.

"पह्यल्या ओळीपासून."

मॅडमनी खाली काहीतरी पाहिलं. "तुमची पहिली नोंद तुम्ही रुजू झाल्याच्या दुसऱ्या दिवसाची आहे. एका दिवसात तीन हजार दोनशे ओळी. त्याच ओळी करणच्या नावावर त्याच्या आधीच्या सहा महिन्यांत थोड्या थोड्या आलेल्या दिसतात. तुम्ही तेव्हा इथं नव्हतातच. मग या ओळी करणच्या धरायच्या का?"

करणनं मान वर केली. हो म्हणायला त्याला एक शब्द पुरला असता. तो जिकराकडे पाहत राहिला, पण बोलला नाही. साहेबांनी घसा खाकरला.

दिवसभर जिकराच्या रागाला पत्ता होता. करणचा, साहेबांचा, विनोदभाऊंचा. आता तो कुठं न्यावा हे तिला कळेना. रुजू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसल्यावर तिनं काय केलं होतं ते तिला लख्ख दिसत होतं. मशीनवर आधीच्या सगळ्या फाइली होत्या. तिनं गिट सुरू केलं, गिटनं नाव विचारलं, तिनं आपलं नाव टाकलं, आणि सगळ्या फाइली एका फटक्यात त्या नावाखाली नोंदवल्या. कोणीही करतो तसं. ध्यानातच आलं नाही, असं ती म्हणू शकली असती. पण त्याच आठवड्यात तिनं रत्नमालाला फोन करकरून एकेक फाइल समजून घेतली होती. कोणाची आहे हे तिला ठाऊक नव्हतं असं कोणत्या तोंडानं म्हणणार?

"करनच्या नाहीत," ती म्हणाली. "माया बी नाहीत. रत्नमाला खिल्लारे होत्या माया आधी. त्यायच्या हायेत."

"मग तिथं तुमचं नाव कसं?"

"मीच टाकलं."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोनी नाही."

मॅडमनी लिहून घेतलं, मग म्हणाल्या की आज लेटर कोणालाच देता येणार नाही, रत्नमाला धरून तिघांचंही काम पुन्हा तपासावं लागेल, त्यांचा नंबर कळवा. "तिघांचंही" असं म्हणताना त्यांनी जिकराला आणि करणला एकाच ओळीत घातलं, आणि जिकराला ते खोडता आलं नाही. पडदा काळा झाल्यावर साहेब म्हणाले, "मॅडम, कायले सांगतलं? झालं होतं ना तुमचं." ती बाहेर आली.

जिन्यात येऊन तिनं पुन्हा मालेगावला फोन लावला.

"गेल्या का नोंदी?" रत्नमालानं विचारलं.

"गेल्या. ताई, त्याच्यात पह्यली नोंद तुमच्या कामाची हाय. माया नावावर."

"मालूम हाय."

"कवापासून?"

"तू पह्यल्या आठवड्यात फोन करे ना, ही फाइल काय करते, ते कायले लिहिलं म्हनून. एक डाव बोलता बोलता म्हनली होती का मी सगळं नोंदवून टाकलं. मंग समजलं मले, कोनाच्या नावानं नोंदवलं असन ते."

"मंग बोलल्या काहून नाही? दुपारी तं बोलाचं होतं."

"दुपारी तू लय गुस्स्यात होती. दुसऱ्याचं आपल्या नावावर ठेवाले मानसाले लाज कशी वाटत नाही म्हने. मी आयकून घेतलं." प्रिंटर थांबला होता. "आता कसं आठवलं?"

"मॅडमनं विचारलं."

"नसतं विचारलं तं?"

खालून रस्त्यावरून एसटी गेली, तिचा आवाज जिना चढून वर आला आणि विरला. जिकराच्या मनात दोन-तीन उत्तरं येऊन गेली. सगळी चांगली होती, आणि एकही खरं नव्हतं.

"नसतं सांगतलं," ती म्हणाली.

पलीकडे प्रिंटर पुन्हा सुरू झाला. मग रत्नमाला म्हणाली, "माया दुकानात मानसं उभे हायेत," आणि फोन ठेवला.